नदीतल्या बार्जी मोजता, तशा यार्डातल्याही मोजा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

डिचोली तालुक्यात पुन्हा ट्रकांची भाषा सुरू झाली आहे. २०२२ च्या डिसेंबरपासून खाणपट्ट्यांचे लिलाव होत गेले, त्यांतून लोहखनिज निघायलाही सुरुवात झाली, आणि आता चहाच्या टेबलावर कोण कुठला टिप्पर बुक करतो, कुठली बँक किती टक्क्यांनी कर्ज देते, कुणाचा भाचा नदीतून खनिज वाहणारी जुनी बार्ज दुरुस्तीला काढतो, याच गोष्टी चालतात. आपल्या दैनिकात खाण अवलंबितांच्या मागण्या येतात, सरकारची आश्वासने येतात, त्यावर विरोधकांची टीका येते. पण एक आकडा मला कुठेच वाचायला मिळत नाही: यार्डात बांधायला टाकलेल्या पण अजून नदीत न उतरलेल्या बार्जी, आणि बुक झालेले पण अजून रस्त्यावर न आलेले ट्रक किती. त्या आकड्यासाठी हे पत्र. पत्र लांबले आहे याची कल्पना आहे. कापायचे झाले तर गणित ठेवा आणि माझ्या आठवणी कापा.

माझी सगळी नोकरी एका बार्ज कंपनीच्या कचेरीत झाली. कंपनी आता नाही, नाव सांगून काही साधणार नाही. काम होते खेपांचा हिशेब ठेवण्याचे. मांडवीच्या वरच्या अंगाला असलेल्या जेट्यांवर खनिज भरायचे, भरतीची वेळ साधून बार्ज सोडायची, आणि आग्वादच्या मुखातून बाहेर पडून मुरगावला जहाजावर माल खाली करायचा. पावसाळ्यात आग्वादचे मुख वाळूच्या दांड्यामुळे धोक्याचे होते, तेव्हा त्याच बार्जी कुंभारजुव्याच्या कालव्यातून झुआरीत उतरायच्या. ही वाट माहीत नसलेला माणूस आमच्या धंद्यात टिकत नसे. माझ्या टेबलामागे भिंतभर काळा फळा होता. डाव्या हाताला प्रत्येक बार्जीचे नाव, पुढे चार रकाने: भरते आहे, वाटेत, खाली होते आहे, दुरुस्तीत. सकाळी वायरलेसवरून तांडेल सांगत आणि मी खडूने खुणा सरकवत असे. शेठ आत येताना आधी फळ्याकडे बघायचे, मग माझ्याकडे.

तेजीच्या वर्षांत या फळ्याने शेठना एकच गोष्ट सांगितली: बार्जी कमी पडतात. चीनची मागणी चढत होती, भाडे चढत होते, जेटीवर खनिजाचे ढीग पडून होते आणि उचलायला बार्ज नव्हती. मग नव्या बार्जीची ऑर्डर जायची. पलीकडच्या कंपनीतही असाच फळा होता, तिथूनही ऑर्डर जायची. नुकताच धंद्यात आलेला, जमीन विकून पैसा हाती असलेला माणूसही एक बार्ज बांधायला टाकायचा. मांडवी-झुआरीच्या काठचे यार्ड भरून गेले. पण बार्ज काही दुकानातून उचलून आणता येत नाही. पोलाद, इंजिन, वेल्डर, तपासणी, दाखला असे करता करता वर्ष सहज जाते, यार्डात गर्दी असली की त्याहून जास्त. त्या वर्षभरात फळा रोज सकाळी तेच सांगत राहायचा, की बार्जी कमी पडतात. म्हणून आणखी ऑर्डर.

२०१०-११ साली गोव्यातून ५ कोटी टनांहून अधिक खनिज बाहेर गेले. पुढच्याच हंगामात माझ्या फळ्यावर पाचवा रकाना लिहावा लागला: जेटीवर थांबलेली. केवळ काम घटले म्हणून नव्हे. दोन वर्षांपूर्वी सांगितलेल्या बार्जी एकामागून एक पाण्यात उतरत होत्या म्हणूनही. आणि मग १० सप्टेंबर २०१२ रोजी सरकारी आदेशाने खाणी थांबल्या. त्यानंतरचे सर्वांना ठाऊक आहे.

बंदीने आम्हाला बुडवले असे सगळे म्हणतात आणि त्यात तथ्य आहेच. पण बंदी नसती तर काय झाले असते, हा प्रश्न आपण आजवर टाळला. २०११ च्या सुरुवातीला जागतिक बाजारात चांगल्या प्रतीच्या लोहखनिजाचा भाव टनाला १८० डॉलरच्या वर होता. २०१५ च्या डिसेंबरात तो ४० च्या खाली आला. ती करणी ना बेकायदा खाणकामाची चौकशी करणाऱ्या शहा आयोगाची, ना सर्वोच्च न्यायालयाची. तेजीच्या वर्षांत ऑस्ट्रेलिया आणि ब्राझीलमधल्या मोठ्या कंपन्यांनी ज्या नव्या खाणी, रेल्वेमार्ग आणि बंदरे बांधायला काढली होती ती तोवर तयार झाली, आणि नेमकी तेव्हाच चीनची भूक मंदावली. आमच्या शेठनी बार्जींचे जे केले तेच पर्थच्या साहेबांनी खाणींचे केले. शिक्षण, संगणक, सल्लागार सगळे त्यांच्यापाशी होते.

या सगळ्याकडे बघण्याची एक शिस्त आहे, तिला सिस्टिम डायनॅमिक्स म्हणतात. मला ती माझ्या मुलीकडून कळली. ती वेर्ण्याला एका कारखान्यात खरेदी विभागात आहे. त्यांच्या प्रशिक्षणात त्यांना ‘बिअर गेम’ खेळायला लावला. (नावावर जाऊ नये, बाटली कुठेच नसते.) चार जण एका ओळीत बसतात: दुकानदार, घाऊक व्यापारी, वितरक आणि कारखानदार. दुकानात आठवड्याला चार खोक्यांची मागणी असते. पाचव्या आठवड्यात ती आठ होते आणि पुढे खेळ संपेपर्यंत आठच राहते. बस्स, तेवढाच बदल. ऑर्डर वर पोचायला वेळ लागतो, माल खाली यायला वेळ लागतो, आणि एकमेकांशी बोलायचे नाही. तेवढ्यावर कारखानदाराकडे पोचेपर्यंत ऑर्डर अशा फुगतात, की आधी सगळ्यांकडे ठणठणाट आणि थोड्याच आठवड्यांत गोदामे गच्च. मग कारखान्याला ऑर्डरच नाही. खेळ संपल्यावर प्रत्येक जण म्हणतो, गिऱ्हाईक लहरी होते. अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठातले प्राध्यापक जॉन स्टरमन यांनी १९८९ मध्ये अशा खेळांतले निर्णय तपासले. खेळाडू हातातला साठा बघतात, पण मागवलेला आणि अजून वाटेत असलेला माल हिशेबात फारसा धरत नाहीत, असे त्यांना आढळले.

मुलीने हे सांगून झाल्यावर मला विचारले, “पपा, तुमच्या फळ्यावर यार्डात असलेल्या बार्जींचा रकाना कुठे होता?”

तो नव्हताच. आमच्या नाही, पलीकडच्या कंपनीत नाही, आणि सरकारी खात्यातही असा फळा कुणी लावलेला माझ्या पाहण्यात नाही.

या शास्त्राचा जनक जे फॉरेस्टर. जन्म १९१८ चा, अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यातल्या गुरांच्या फार्मवर वाढलेला. पुढे विद्युत अभियंता झाला, संगणकाच्या स्मृतीवर मोलाचे काम केले आणि १९५६ मध्ये एमआयटीच्या व्यवस्थापन शाळेत आला. तिथे जनरल इलेक्ट्रिकच्या काही माणसांनी आपले कोडे त्याच्यासमोर मांडले: केंटकीतला आमचा घरगुती उपकरणांचा कारखाना कधी तीन-चार पाळ्यांत चालतो आणि काही वर्षांनी निम्म्या कामगारांना घरी बसवावे लागते, असे का? त्यांचे स्वतःचे उत्तर होते, बाजारातली तेजी-मंदी. फॉरेस्टरने वहीच्या पानावर रकाने आखले, साठा किती, कामगार किती, ऑर्डर किती, आणि त्यांचेच नेहमीचे नियम लावून एकेक आठवडा हाताने पुढे सरकवला. बाहेरची मागणी स्थिर धरली तरी कारखाना आपला आपण हेलकावे खाऊ लागला. दोष बाजारात नव्हता, नोकरभरतीच्या आणि साठ्याच्या त्यांच्या नियमांत होता. १९६१ मध्ये त्याचे या विषयावरचे पहिले पुस्तक आले. जहाजांच्या बाबतीत तर त्याहून आधी, १९३१ मध्ये, हॉलंडच्या यान टिनबर्गन यांनी दाखवले होते की जहाज बांधायला लागणारा काळ हाच जहाजांच्या तेजी-मंदीच्या मुळाशी आहे. पुढे १९६९ मध्ये अर्थशास्त्राचे पहिले नोबेल ज्या दोघांना मिळाले त्यांतले हे एक. म्हणजे आमच्या बार्जींची गोष्ट आमचे शेठ जन्मायच्या आधी लिहून ठेवलेली होती.

यात उच्च गणित नाही. आपल्याकडे खाजन शेती, म्हणजे खाडीकाठी बांध घालून केलेली शेती, असलेल्या कुणालाही ते सांगायला नको. बांधाच्या आतल्या पोयीत, म्हणजे तळ्यात, पाणी किती, ही झाली पातळी. मानशीतून, म्हणजे बांधातल्या झडपेतून, भरतीला आत किती आले आणि ओहोटीला बाहेर किती गेले, हे झाले येणे-जाणे. पातळी एका क्षणात बदलत नाही, येण्या-जाण्याच्या फरकाने हळूहळू बदलते. सिस्टिम डायनॅमिक्समध्ये बार्जी, ट्रक, कर्ज, हॉटेलच्या खोल्या, सोनसड्याचा कचरा, भूजल या सगळ्या पातळ्या. त्यात काय येते, काय जाते, ते कोण कशाकडे बघून ठरवतो आणि ठरवल्यापासून घडेपर्यंत किती वेळ जातो, एवढे मांडायचे. मग संगणकाला महिना महिना पुढे ढकलायला लावायचे. त्यासाठी खास सॉफ्टवेअर आहेत. मी मात्र मुलीच्या लॅपटॉपवर साध्या एक्सेलमध्ये केले.

ते गणित असे. समजा नदीत १०० बार्जी आहेत आणि कामही १०० पुरतेच आहे. मागणी वाढली आणि काम १४० बार्जींपुरते झाले, मग तिथेच थांबले. बार्ज बांधायला चार तिमाह्या लागतात. आपले मालक सावध आहेत असे धरू. तूट दिसली तर तिच्या निम्म्याच बार्जी सांगतात. पहिल्या तिमाहीत तूट ४०, ऑर्डर २०. दुसऱ्या तिमाहीत नदीत अजून १०० च दिसतात, तूट ४०, पुन्हा २०. तिसऱ्या आणि चौथ्या तिमाहीतही तेच. पाचव्या तिमाहीत पहिल्या २० उतरतात, १२० झाल्या, तूट २०, ऑर्डर १०. सहाव्या तिमाहीत १४०. तूट संपली, ऑर्डर बंद, पेढे वाटायचा दिवस. सातवीत १६०. आठवीत १८०. नववीत १९०. काम १४० चे आणि बार्जी १९०. मागणी एका टनानेही घटलेली नाही, न्यायालय नाही, बंदी नाही, आणि तरी प्रत्येक बार्ज चार दिवसांतला एक दिवस रिकामी. बँकेचा हप्ता मात्र पूर्ण चार दिवसांचा.

आता नियम थोडा बदला. तूट मोजताना यार्डात असलेल्या बार्जी वजा करा आणि उरलेल्या तुटीच्या निम्म्या सांगा. पहिल्या तिमाहीत २०, दुसरीत १०, तिसरीत ५, चौथीत २ किंवा ३. संख्या हळूहळू १४० कडे जाते आणि वर उसळत नाही. याची किंमत आहे, ती लपवत नाही: टंचाई काही तिमाह्या जास्त रेंगाळते आणि तेवढा काळ भाडे चढे राहते. खनिज निर्यातदाराला ते बोचेल. पण नंतर पन्नास कुटुंबांची घरे गहाण पडत नाहीत.

एकट्या बार्जवाल्याने हा दुसरा नियम पाळून भागत नाही, ही खरी अडचण. त्याला आपल्या दोन ऑर्डरी ठाऊक असतात, इतर मालकांच्या नसतात. तो थांबला तर दुसरा घेईल या भीतीने तो थांबत नाही, आणि त्याच्या जागी मीही थांबलो नसतो. बँकेच्या मॅनेजरसमोरही एकेकच फाईल येते; प्रत्येक फाईल आपल्यापुरती चोख असते. सगळ्या फायली एकत्र बघणारा कुणी नाही. अतिलोभाने खाणधंदा बुडाला असे प्रवचन आपण बारा-तेरा वर्षे ऐकले. मी ज्यांचे हिशेब लिहिले ती माणसे लोभी नव्हती, निदान इतरांपेक्षा जास्त नव्हती. त्यांच्यासमोरचा फळा अर्धा होता.

आता आजच्या धोरणाकडे येतो. २०१४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने गोव्यासाठी वर्षाला २ कोटी टनांची तात्पुरती मर्यादा घातली. पुढे ७ फेब्रुवारी २०१८ च्या निकालाने जुने पट्टेच गेले, आणि आता नवे पट्टे सावकाश सुरू होत आहेत. ती २ कोटी टनांची मर्यादा धरूनच हिशेब करू. २,००० टनांच्या बार्जीला २ कोटी टन म्हणजे १०,००० खेपा. एका बार्जीने वर्षाला १०० खेपा केल्या असे समजा, तर १०० बार्जी पुरतात. बंदीपूर्वी आपल्या नद्यांत तीनशेहून अधिक होत्या. ट्रकांचेही बघा. १० टनांचा ट्रक धरला तर २० लाख खेपा. दिवसाला चार खेपा, वर्षाला २०० दिवस काम, तर २,५०० ट्रक. खेपा आणि दिवस मी धरलेले आहेत, ते खाण खात्याने तपासून बदलावेत. पण गणिताचा आकार बदलणार नाही. वर मर्यादा आहे आणि खाली गावागावांत बुकिंग चालले आहे. ही दोन टोके एका कागदावर आणणारे टेबल पणजीत असायला हवे.

ते नसले तर काय होते हे आपण पाहिले आहे. बंदीत अडकलेल्या कर्जदारांसाठी २०१४ मध्ये सरकारला कर्जसवलत योजना आणावी लागली. त्या वेळी ती हवीच होती, मी तिच्या विरोधात नाही. पण गणितात ती घालून बघा. बुडालो तर सरकार उचलते असे एकदा दिसले, की पुढच्या तेजीत ऑर्डर देताना हात मोकळा सुटतो. ट्रकवाल्यांच्या दरवाढीचेही तसेच. दर वाढवून मिळावा म्हणून आंदोलने झाली आणि मागणी समजण्यासारखी होती, कारण डिझेल वाढले की तोच भरडला जातो. पण दर वाढला की ज्याच्याकडे ट्रक नव्हता तोही ट्रक घेतो, खेपा वाटल्या जातात, वाढलेला दर आणि घटलेल्या खेपा यांचा गुणाकार पुन्हा जुन्याच उत्पन्नावर येतो, आणि लोक पुन्हा दरासाठी रस्त्यावर बसतात. ट्रकांची संख्या खुली ठेवून दर बांधून देणे म्हणजे नुसता पैसा फिरवणे. दर बांधायचा तर संख्या बांधा. संख्या खुली ठेवायची तर आज किती ट्रक बुक आहेत हे सगळ्यांना दिसू द्या. माझा कल दुसऱ्याकडे आहे. संख्या बांधली की परवाने कुणाच्या मेहुण्याला मिळतात हे सांगायला मॉडेल लागत नाही.

हाच रिकामा रकाना पर्यटनातही आहे, म्हणून थोडे त्याविषयी. सरकारी आकड्यांनुसार २०२४ मध्ये एक कोटीहून अधिक पर्यटक गोव्यात आले. २०११ च्या जनगणनेत आपण १४.५८ लाख होतो. आकडा जाहीर झाला की अभिनंदन होते, त्याच आठवड्यात बार्देशात नळाला पाणी नाही म्हणून घागर मोर्चा निघतो, आणि आपल्याच दैनिकात दोन्ही बातम्या वेगवेगळ्या पानांवर येतात. पाण्याचा विचार करताना आज चालू असलेल्या खोल्या मोजतात. ज्यांना पंचायतीने आणि नगरनियोजन खात्याने परवाना दिला आहे पण ज्यांचे स्लॅब अजून पडायचे आहेत, त्या खोल्या कुणी मोजत नाही. हॉटेल दोन-तीन वर्षांत उभे राहते. जलशुद्धीकरण प्रकल्पाला जमीन, निविदा, जलवाहिनी करता करता त्याहून कितीतरी जास्त वेळ जातो. मग अस्नोड्याचा प्रकल्प अपुरा पडतो, तिळारीचा कालवा फुटला की तेवढाही आधार जातो, आणि टँकर येतो.

टँकरबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण इथे मॉडेल डोळे उघडते. नळ आटला की हॉटेलवाला टँकर मागवतो. त्याची तक्रार मिटते. तक्रारी मिटल्या म्हणून नवी जलवाहिनी टाकण्याची घाई कमी होते. टँकर ज्या विहिरीतून भरतो ती असते शेजारच्या गावात. तिथली पातळी खाली जाते, त्या गावातल्या माणसाची विहीर एप्रिलमध्येच तळ गाठते, आणि तोही टँकर मागवू लागतो. दुखणे दाबणारा उपायच खऱ्या उपायाला मागे ढकलतो आणि वर दुखणे वाढवतो. भूजल नियमनाचा कायदा आपल्याकडे २००२ पासून आहे, टँकर आणि विहिरींची नोंदणीही त्यात येते. पण कायदा पाण्याकडे बघतो आणि परवाने खोल्यांकडे. या दोन फायली भेटतच नाहीत. साळगावचा कचरा प्रकल्प २०१६ मध्ये दिवसाला १०० टनांच्या क्षमतेने सुरू झाला आणि थोड्याच वर्षांत तो २५० टनांचा करावा लागला. १०० टन ठरवले तेव्हा किनाऱ्यावर किती खोल्या बांधून होत होत्या, हे कुणी विचारले होते का?

असे मॉडेल करणे म्हणजे सल्लागार कंपनीला काही कोटी देऊन जाड अहवाल मागवणे, असा अर्थ कृपया कुणी काढू नये. तसे अहवाल सचिवालयात पुष्कळ असतील. या शास्त्राचाही गैरवापर झालेला आहे आणि वाद तर सुरुवातीपासून आहेत. फॉरेस्टरने बोस्टनचे माजी महापौर जॉन कॉलिन्स यांच्या सोबतीने शहरांचे मॉडेल केले, १९६९ मध्ये ते प्रसिद्ध झाले. गरिबांसाठी स्वस्त घरे बांधण्याचा कार्यक्रमच शहराची घसरण वाढवतो असे त्यातून निघाले, आणि मोठे काहूर माजले. माझ्या मते लोक चिडले ते काही चूक नव्हते. शहराबाहेरच्या वस्तीचा विचार त्यात पुरेसा नव्हता, अशी टीका तेव्हाच झाली. पण टीका करता आली, कारण समीकरणे पुस्तकात छापलेली होती. ज्याला पटले नाही त्याने नेमके कुठे बोट ठेवायचे ते त्याला दिसत होते. आपल्या मंत्र्यांच्या घोषणेत बोट कुठे ठेवायचे? ‘इतक्या रोजगारांची निर्मिती’ यामागे कुठले गृहीतक आहे, हे विधानसभेत विचारले तरी उत्तर मिळत नाही.

तेव्हा मॉडेल लहान असावे, एका पानावर मावणारे. ते करताना ट्रक संघटना, बार्जवाले, जेटीजवळच्या गावांचे पंच, बँकेचा अधिकारी आणि धुळीने ज्याचे शेत गेले तो शेतकरी, हे सगळे एका खोलीत बसलेले असावेत. नेदरलँड्समधल्या नायमेखेन विद्यापीठात अशी सामूहिक मॉडेल करण्याची पद्धतच रुजवली गेली आहे. आकडा कुणाचा बरोबर, यावर तिथे भांडण होईल, आणि ते रस्त्यावरच्या भांडणापेक्षा बरे. पाळी-वेळग्याच्या बाजूचे ट्रकवाले मला माहीत आहेत. खेपेला किती वेळ लागतो हे ते कुठल्याही तज्ज्ञापेक्षा अचूक सांगतील. गोवा विद्यापीठात आणि आपल्या व्यवस्थापन संस्थांत मुले दरवर्षी प्रकल्प करतात. एका तुकडीला हा विषय द्यावा. आणि एक्सेलची ती फाईल खाण खात्याच्या संकेतस्थळावर मराठीत आणि कोंकणीत ठेवावी, म्हणजे कर्जाच्या कागदावर सही करण्याआधी माणूस स्वतः आकडे बदलून बघेल.

एवढे होईपर्यंत थांबायचीही गरज नाही. बार्जींची नोंदणी बंदर कप्तान खात्याकडे असते, ट्रकांची वाहतूक खात्याकडे, खाणीवर चालणाऱ्या ट्रकांची खाण खात्याकडे. या तिघांनी महिन्यातून एकदा एवढेच जाहीर करावे: आज चालू किती, बांधणीत किंवा बुकिंगमध्ये किती, आणि यंदा परवानगी असलेले खनिज किती टन. तीन आकडे. हॉटेलांच्या खोल्यांचेही तसेच, तालुकावार: चालू किती, बांधकामात किती, शेजारी त्या तालुक्याचे उपलब्ध पाणी. यासाठी नवा कायदा लागत नाही, नवे महामंडळ तर मुळीच नको.

संपादक महोदय, आपल्या दैनिकात रोज भरती-ओहोटीच्या वेळा छापून येतात. मच्छीमार, होडीवाले त्या बघून निघतात. त्याच चौकटीखाली महिन्याच्या पहिल्या सोमवारी हे तीन आकडे छापायची तयारी आपण दाखवावी. सरकारने आपण होऊन दिले तर उत्तमच. न दिले तर तिन्ही खात्यांना माहिती हक्काचे अर्ज मी करतो. प्रत्येक अर्जाचे दहा रुपये माझ्याकडून. फक्त उत्तर आल्यावर ते आतल्या पानावर जाहिरातींच्या खाली जाऊ नये, एवढी विनंती.

आपला,
एक निवृत्त हिशेबनीस
साखळी, गोवा